शेवटच्या दारापर्यंत हिरवा

मी बटन दाबलं आणि दिव्यांची पट्टी लागली. प्रवेशाच्या दारापाशी ती स्वच्छ हिरवी होती, मधल्या रांगांपाशी फिकी. बाहेर पडायच्या दारापाशी, जिथे तिची खरी गरज, तिथे जवळजवळ काळोख.

"पिवळा लावा," आमचे मालक मूर्तीसर म्हणाले.

पिवळा लावला. तो सुरुवातीला पिवळा, पुढे नारिंगी आणि शेवटी मळकट लाल दिसला.

"हे काय, सूर्यास्त?" सरांनी विचारलं. डिझाइन माझं होतं.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. बेंगळुरूच्या बनशंकरी भागात आमचं छोटं वर्कशॉप होतं. आज रंगीत एलईडीची पट्टी गुंडाळीने विकत मिळते. तेव्हा आम्ही फूटभर लांबीच्या बोर्डांवर एकेक एलईडी सोल्डर करायचो आणि बोर्ड एकापुढे एक जोडायचो. आमच्याकडे रंग दोनच, लाल आणि हिरवा. दोन्ही एकदम लावले की पिवळा. एका जुन्या थिएटरमध्ये वाटेच्या कडेने अशी तीस मीटर पट्टी बसवली होती. सिनेमा चालू असताना पिवळा, सुटल्यावर हिरवा. दसऱ्याच्या दुपारी पहिला शो होता. थिएटरच्या मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हिरवा शेवटच्या दारापर्यंत दिसला तर ठेवू. नाहीतर काढून पुन्हा बल्ब लावू." माझं हे पहिलं मोठं काम होतं.

आणि त्या दिवशी आयुधपूजा होती, म्हणजे आपली खंडेनवमी, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळीच प्रोजेक्टरला हार घालून झाला होता, दारात कोहळा फोडून झाला होता. प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये केळीच्या पानावर आमची सगळी हत्यारं मांडलेली होती, कुंकू लावून. पक्कड, सोल्डरिंग गन, मीटर, लहानमोठे स्क्रूड्रायव्हर.

"सोपं आहे," सर म्हणाले. "पॉवर सप्लाय बारा व्होल्टवर आहे. पंधरा करू. शेवटपर्यंत पोहोचेल." सप्लायवर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की व्होल्टेज वाढतं. सर स्क्रूड्रायव्हर आणायला केबिनकडे निघाले. दारात गोविंदअण्णा उभे होते.

अण्णा आमचे वायरमन. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या मराठी घरातले. घरची मराठी, बाजाराची कन्नड, आणि दोन्ही एकाच वाक्यात.

"सर, आज नाही."

"अण्णा, उद्या शो आहे!"

"शो दुपारी. मी सकाळी सहाला येतो. आज ते देवापुढं आहे. बटन दाबा, बघा, काय ते करा. हत्यार उचलायचं नाही."

सरांनी खिशातून चार आण्याचं नाणं काढलं आणि ते स्क्रूच्या खाचेत घालायला बघितलं. खाच फार बारीक होती.

"नाणं पण लक्ष्मीच की हो, सर," अण्णा शांतपणे म्हणाले. सरांना हसू आलं. ते नाणं खिशात टाकून चहाला निघून गेले.

अण्णा माझ्याकडे वळले. "अक्का, स्वल्प बसून बघा. मीटर नाही म्हणून काय झालं? पट्टीच सांगते आहे ना."

मी खुर्चीत बसले. खरंच, पट्टी सांगत होती. हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून व्होल्टेज कमी पडलं की हिरवा आधी विझतो आणि पिवळ्यातून लाल उरतो. बोर्डांत दोष असता तर रंग कुठेतरी एकदम तुटला असता. इथे तो हळूहळू उतरत होता. म्हणजे व्होल्टेज वाटेत, तारेतच, खर्च होत होतं. लांब तारेत असं होतंच. मी तो हिशोब केलाही होता.

वहीत हिशोब पुन्हा काढला. वीज सप्लायपासून शेवटच्या बोर्डापर्यंत जाते. ती मला दिसली होती. पण तिला परतही यायचं असतं, तितक्याच लांबीच्या दुसऱ्या तारेतून. मी जायची वाट मोजली होती, यायची नाही. नुकसान दुप्पट होतं. शिवाय सरांनी पंधरा व्होल्ट केले असते तर सुरुवातीच्या एलईडी तापून महिन्याभरात जळाल्या असत्या. तेही कागदावर दिसलं.

"चूक माझी आहे, अण्णा," मी म्हणाले. "जाड तार हवी. सप्लायपासून शेवटपर्यंत, जायची आणि यायची. आणि तिच्यातून पट्टीला चार ठिकाणी वीज द्यायची. पण आज दुकानं बंद."

अण्णांनी वर केबिनकडे बोट दाखवलं. "जुन्या प्रोजेक्टरचा दिवा कार्बनच्या कांड्यांवर चालायचा. त्याला केवढा करंट लागे! त्याची केबल मागं गुंडाळून पडली आहे. मनगटाएवढी नाही, पण अंगठ्याएवढी आहे."

आम्ही हातांनीच ती केबल उलगडली आणि पावलांनी मोजली. जायला आणि यायला, दोन्हीला पुरत होती. थिएटरच्या मालकांची परवानगी घेतली. जोडायच्या चार जागांवर अण्णांनी पूजेतल्या कुंकवाने खुणा केल्या.

दसऱ्याला सकाळी सहाला अण्णांनी पानाला नमस्कार केला आणि पक्कड उचलली. दहा वाजता शेवटचा जोड टेप लावून झाला. मी बटन दाबलं. थिएटरचे मालक सरळ शेवटच्या दारापाशी गेले, पायाशी बघितलं, मागे वळून सुरुवातीकडे बघितलं. हिरवा तोच होता.

"सरी," ते म्हणाले. कन्नडमध्ये ‘ठीक आहे’. तेवढंच.

कुंकवाची एक खूण पुसायची राहिली होती, ती अण्णांनी बोटाने पुसली. माझ्याकडे बघून म्हणाले, "आता घरी जाऊन गोड खा, अक्का."

ते थिएटर बंद होईपर्यंत ती पट्टी तशीच चालली. गेल्या महिन्यात अण्णा गेले. तेराव्याला त्यांच्या मुलीने विचारलं, "अप्पा कामावर नेमकं काय करायचे?" तिथल्या गर्दीत सगळं सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. तुझ्या अप्पांनी एकदा दिवसभर स्क्रूड्रायव्हर उचलू दिला नाही आणि आमची शंभर बोर्डांची पट्टी वाचवली.

नव्या इंजिनियरांना मी दोनच गोष्टी सांगते. लांब तारेचा हिशोब करताना यायची वाटही मोजावी. आणि व्होल्टेज वाढवायचा मोह झाला की स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या दिवसापर्यंत केळीच्या पानावर ठेवावा.