टाकीवरचं नाव

भाऊजी गेल्याचा बाईचा, माझ्या मोठ्या बहिणीचा, फोन आला. मी चंद्रपूरहून मूल गावाला निघायची तयारी करत होतो, तोच मोबाइलवर गोदामाच्या मालकांचा संदेश येऊन पडला. 'सुरक्षेचा आधारवड कोसळला', आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. ज्यांनी या माणसाला हयातभर 'कटकट्या' म्हटलं, त्यांना तो गेल्याबरोबर वड आठवला! भाऊजी असते तर म्हणाले असते, "वडाले पानी लागते म्हना... ते कुठी आहे?"

प्रभाकरभाऊजी, बाईचे यजमान, मूलच्या रस्त्यावरच्या एका गोदामात सुरक्षा अधिकारी होते. जुन्या राइस मिलची ती शेड. तांदळाची पोती गेली आणि तिथे थिनर, स्पिरिटचे ड्रम आले. छताखाली पाण्याच्या नळ्या आणि जागोजागी तोट्या. आग लागली की तोटीतली काचेची कुपी तापून फुटते आणि पाणी कोसळू लागतं. आल्यागेल्या पाहुण्याला मालक त्या नळ्या मोठ्या कौतुकानं दाखवत. भाऊजी त्याच पाहुण्याला बाहेरच्या लोखंडी टाकीपाशी नेत. "नळ्या काय, मांडवाले बी लावता येते. पानी पाहा." थिनरची आग मध्येच पाणी संपलं तर पुन्हा उसळते, म्हणून अर्धी टाकी त्यांच्या लेखी रिकामीच. गोदामाच्या भिंतीला लागून हमालांची वस्ती आहे. त्या आगीत आधी कोण जाईल, हे मालकांनाही ठाऊक होतं.

भाऊजी गोड स्वभावाचे मुळीच नव्हते. जगातली निम्मी माणसं त्यांना मूर्ख वाटत आणि उरलेली लबाड. मी शिक्षक, म्हणून मला पहिल्या गटात जागा होती. "मास्तर, तुह्या शाळेतल्या आगीच्या बादल्यात लोकं खर्रा थुकून राह्यले, पाह्यलं का तू?" मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, आणि त्यांचा भयंकर राग आला. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. दिसेल त्या टाकीवर, पिंपावर ते तो ठोकत. पाणी असेल तिथे आवाज भद्द, नसेल तिथे खणखणीत. लग्नात पाण्याचा ड्रम ठोकून त्यांनी वरबापाची अब्रू काढलेली मी पाहिली आहे.

आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे कूलरचं राज्य. टाकीतून रोजच्या वापराचा नळ भाऊजींनी मुद्दाम उंचावर बसवून घेतला होता, म्हणजे वरवरचं पाणी खुशाल वापरा, खालचं आगीसाठी राहील. मालकांना ते खालचं पाणी फुकट पडून असलेलं दिसे. त्यांनी तळाला पाइप जोडला आणि ऑफिसचे कूलर, पुढची हिरवळ, सगळं त्यावर चालू केलं.

"साहेब, या उन्हात मानूस बसन कसा? कूलरले पानी नाई लागत का?" मालक म्हणाले.

"लागते ना. पन तुम्ही त्या वस्तीच्या जिवाचं पानी हवेत उडवून राह्यले."

भाऊजींनी उभं राहून तो पाइप कापायला लावला. मालक चार महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. भाऊजींना ते नोकरीतले सर्वांत शांत दिवस वाटले.

घरी भाऊजींच्या पुण्यानुमोदनाचा बौद्ध विधी झाला, त्यानंतर मालकांनी गोदामात वेगळी शोकसभा ठेवली. मे महिना, तरी मांडवात गारवा! चारी बाजूंनी मोठाले कूलर घरघरत होते. भाषणात भाऊजींना 'ऋषितुल्य' म्हटलं गेलं. मग मालकांनी दोरी ओढली, पडदा सरकला, आणि टाकीवर निळ्या अक्षरांत उमटलं : 'प्रभाकर जलकुंभ'. टाळ्या वाजल्या. बाईनं पिशवीतून तो जुडगा काढून माझ्या हातात दिला. मी टाकीपाशी गेलो, नावाखाली ठोकलं. खणखणीत. कमरेपाशी, तेच. गुडघ्यापाशी, तेच. तळाशी नवा कोरा पाइप होता आणि तो सरळ मांडवाकडे गेला होता.

बाई उभी राहिली. माझी बहीण चारचौघांत कधी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. "टाकी भरा, नाईतर याइचं नाव पुसा."

"बाई, पाहू ना, करू काहीतरी," मालक घाम पुसत म्हणाले. एवढ्या कूलरांत त्यांना घाम फुटला, याचं मला अतोनात समाधान वाटलं.

त्यांनी खरंच केलं. परवा मी बाईकडे जाताना मुद्दाम तिथे थांबलो. टाकीवर ताजा पांढरा रंग होता, नाव गेलं होतं. मी खिशातून जुडगा काढून तळाशी ठोकलं... खणखणीत. भिंतीपलीकडे कुणीतरी चूल पेटवत होतं.