हिंदीत दिलेली पुरीभाजी

दुबईशेजारच्या अजमानमधल्या आमच्या बिल्डिंगला आग लागली तेव्हा मी गाऊनवर होते. भर दुपार होती. अलार्म वाजलाच नाही, शेजारच्या केरळी बाईनं दार बडवलं म्हणून कळलं. खांद्यावर ओढणी टाकली, लेकीला काखेत मारलं आणि जिन्यानं धावत सुटले. नवरा जबल अलीला बायोडेटा घेऊन गेला होता. मंदीत त्याची नोकरी गेली, तसं दुबईचं घर सोडून आम्ही या स्वस्त फ्लॅटमध्ये आलो होतो. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं, अगदी माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीलासुद्धा. सांगणार कसं? दुबईच्या मराठी मंडळात मी म्हणजे उकडीच्या मोदकांवाली, संक्रांतीला दणकून वाण लुटणारी!

वरचे मजले जळाले. आम्हाला एका शाळेच्या हॉलमध्ये नेलं. दुसऱ्या दिवशी कोण कोण बिर्याणी, चादरी घेऊन आले, आणि त्यातच दुबईचं आमचं मंडळ आलं, पुरीभाजीची पाकिटं घेऊन. माझ्या अंगावर कालचाच गाऊन, मांडीवर झोपलेली लेक. मी ओढणी नाकापर्यंत ओढली. पाकिटं वाटत वाटत नेमकी माझी मैत्रीणच माझ्यापुढे आली. मागे बाकीचे फोटो काढत होते. ती माझ्यासमोर आडवी उभी राहिली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, ‘लीजिए बहनजी, बच्ची के लिए भी लीजिए.’ आणि गेली की पुढे!

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. माझ्या हातचे मोदक मिटक्या मारत खाल्लेस, आणि आज मी बहनजी? तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं तोंड म्हणून पाहायचं नाही, हे मी त्या हॉलमध्येच ठरवलं.

बिल्डिंग सावरायला बराच काळ गेला. बाहेरचे जळके पत्रे बदलले, प्रत्येक मजल्यावर नवे अलार्म बसले. मग आग लागली तर कसं बाहेर पडायचं, याच्या ड्रिल सुरू झाल्या. पहिल्या ड्रिलला आम्ही बायका कुकरची शेवटची शिट्टी होऊ दे म्हणून थांबलो, तर ड्रिल घेणारा जिन्यातून ओरडला, ‘यल्ला, यल्ला, चलो! कुकर खलास!’ पुढे मीच नारिंगी जॅकेट घालून मजल्याची व्हॉलंटियर झाले. नवऱ्याला गोदामात नोकरी लागली, आम्ही अजमानचेच झालो. मैत्रीण पुण्याला परत गेली. दर दिवाळीला तिचा मेसेज यायचा. मी वाचायचे आणि उत्तर द्यायचे नाही. बघू दे वाट!

मग लेक कॉलेजात असताना या वाळवंटात कधी नव्हे असा पाऊस झाला. रस्त्यांचे तलाव झाले, लिफ्ट बंद पडल्या. यावेळी मात्र कोणी हातपाय गाळले नाहीत. कुठल्या मजल्यावर म्हातारी माणसं, कुठे तान्ही बाळं, सगळं आम्हाला पाठ होतं. आमचं आवरून आम्ही पलीकडच्या बिल्डिंगमध्ये जेवण घेऊन गेलो. वरच्या एका मजल्यावर दार उघडलं. आत पार्टिशन घालून तीन-चार कुटुंबं राहत होती, आणि दारात गाऊनवर ओढणी घेतलेली, आमच्या आताच्या मंडळातली बाई! दुबईत व्हिला घेतला म्हणून हिनं सगळ्यांना पेढे वाटले होते.

मी मनाशी म्हटलं, माझ्या मैत्रिणीनं केलं तसं मी करणार नाही. आणि चांगली खणखणीत मराठीत म्हणाले, ‘अगं बाई, तू? इथे कशी गं? आपल्याच माणसांपुढे लाजतेस काय!’ मागे आमच्या मंडळाच्या दोघी होत्या. त्यांनी माना वर केल्या. तिचा चेहरा पांढराफटक पडला. खाली बघतच तिनं डबा घेतला आणि दार लावलं.

पाण्याच्या बाटल्या घेऊन लेक मागेच होती. ती म्हणाली, ‘ममा, डिड यू हॅव टू से इट सो लाउडली?’

मी तिथेच जिन्यात बसले. ती आडवी का उभी राहिली होती, हिंदीत का बोलली होती, हे इतक्या वर्षांनी माझ्या टाळक्यात शिरलं. माझी मलाच इतकी शरम वाटली, की त्या बंद दाराकडे मला बघवेना.

घरी येऊन पुण्याला फोन लावला. ‘बोल गं,’ ती म्हणाली, जणू कालच बोललो होतो. मी पावसाचं, बंद लिफ्टचंच सांगत बसले. मध्येच ती म्हणाली, ‘एक विचारू? त्या दिवशीच्या पुऱ्या वातड झाल्या होत्या का गं? तू तिथे राहायला गेलीस हे मला कळलं होतं. म्हणून तुला आवडतात तशा ओवा घालून केल्या होत्या.’

ते पाकीट मी उघडलंच नव्हतं. रागानं तसंच शेजारणीला देऊन टाकलं होतं.

‘मऊ होत्या गं,’ मी म्हटलं.