मायच्या नावाचं पत्र

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. वहीत लिहिते आहे, कारण तोंडाने बोलायला मला कधी जमलंच नाही.

माझे मालक फौजेत होते. सीमेवर गेले ते आमच्या गावी, कोरीटला, तिरंग्यात परत आले. मग माझ्या नावावर पेन्शन सुरू झाली. बँकेतले साहेब म्हणाले, यावर सरकार करही घेत नाही, सगळी तुमचीच. सगळी माझीच — हे शब्द डोक्यात बसले ते बसलेच.

सासू माझ्याजवळ राहायची. मी तिला माय म्हणायचे. नंदुरबारला मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर ती देठ खुडायला जायची आणि संध्याकाळी जळजळणारी बोटं ताकात बुडवून बसायची. तिथल्या बायांनी तिला सांगितलं, पोराच्या पेन्शनीत आईलाही हिस्सा मिळतो म्हणून. तिने मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला — माझ्यासमोर, काही न लपवता.

उत्तर आलं ते तिने माझ्याच हातात दिलं. मुलगी तेव्हा मांडीवर. घरात वाचता येणारी मी एकटी, चौथी शिकलेली.

"वाच व पोरी, काय लिखेल शे?" ती म्हणाली.

लिहिलं होतं — आईला हिस्सा मिळू शकतो, कागद घेऊन कचेरीत यावं. मी दोनदा वाचलं. समजलं नाही असं म्हणू का? समजलं होतं. मी म्हटलं, आईला मिळत नाही, असं लिहिलंय.

"नही त नही. तू शे ना मन्हाजोडे." मग थांबून म्हणाली, "मन्हा पोऱ्यानं नाव शे ना त्यावर?"

ते मी वाचून दाखवलं. तिने कागद घडी करून नेला.

मुलीसाठी केलं, असं इथे लिहिलं होतं. खोडलं. मला सगळी हवी होती — दुसरं काय?

त्यानंतरही ती कितीतरी वर्षं पथारीवर गेली. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला मी बँकेत जायचे, तेव्हा त्या दिवसाची मजुरी बुडवून ती सोबत यायची, मला एकटीला भीती वाटते म्हणून. मी सही करायचे. ती बाकावर बसून बोटांवर फुंकर घालायची.

ती गेल्यावर तिच्या गाठोड्यात ते पत्र सापडलं. पोराचं नाव असलेला कागद म्हणून जपलेलं. त्यातलं ते नाव तेवढं एकच मी खरं वाचलं होतं.

काल ते पूर्ण वाचलं, मोठ्याने. ओसरीवर कोणी नव्हतं.