विझवलेलं भरीत

माझे वडील जळगावात बंबावर होते. आमच्याकडे अग्निशमन दल वगैरे कुणी म्हणत नाही, बंबावर म्हणतात. सगळे त्यांना नाना म्हणायचे, आम्हीही. गेल्या वर्षी ते गेले तेव्हा त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं आली होती. प्रत्येकाने त्यांच्या धाडसाची एकेक गोष्ट सांगितली. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अहो, घरी आम्हाला या माणसाने काय छळलंय ते विचारा.

आमच्या घरात उदबत्ती लावायची तर शेजारी तांब्याभर पाणी लागायचं. देवापुढचा दिवा आई परातीत ठेवायची. दिवाळीत नाना हमखास ड्यूटीवर, त्यामुळे आमचे फटाके भाऊबीज उलटल्यावर, आणि तेही दोन फुलबाज्या, ओल्या गोणपाटावर उभं राहून. शेकोटी तर कधी माहीतच नाही. गल्लीतली पोरं थंडीत हात शेकत बसायची आणि आम्ही भावंडं ओट्यावरून बघायचो. नाना म्हणायचे, "थंडी वाजते ना? स्वेटर घाल."

पण माया विचाराल तर अशी की आईलाही हेवा वाटावा. आई अंगणवाडीत लवकर जायची, म्हणून माझ्या वेण्या नाना घालायचे. कापसाच्या जिनिंग कारखान्याला आग लागली की दोन-दोन दिवस घरी नसत. कापसाची गाठ वरून विझते आणि आतून धुमसत राहते, प्रत्येक गाठ फोडून बघावी लागते. तसे लाल डोळे घेऊन आले तरी आंघोळ करून आधी माझे केस विंचरायचे. बंबाच्या दोरीला मारतात तशी गाठ रिबिनीला मारायचे. शाळा सुटेपर्यंत सुटायची तिची हिंमत नव्हती.

माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा नानांना निवृत्त होऊन चारच महिने झाले होते. खाकी उतरली होती, सवय उतरली नव्हती. मुलगा बघायला गेलेला हा बाप मुलाऐवजी गॅसची नळी बघायचा. एका घरी त्यांनी चहा पिता पिता विचारलं, ही नळी किती वर्षांपूर्वीची? दुसऱ्या घरी माळ्यावरच्या खोलीला एकच जिना का, यावर अर्धा तास बोलले. दोन्ही स्थळं मोडली. तिसरं पारोळ्याजवळच्या एका खेड्यातलं. मुलगा धुळ्याला शाळेत शिकवत होता, घरची शेती होती. मला तो आवडला. तसं मी सरळ आईला सांगितलं आणि नानांना बजावलं, "या वेळी नळी नाही, जिना नाही. काही नाही."

त्या लोकांना जेवायला बोलवायचं ठरलं. थंडीचे दिवस होते, आणि थंडीत आमच्याकडे पाहुण्याला शेतात भरीत खाऊ घातलं नाही तर पाहुणचार झाला असं कुणी मानत नाही. मामांचं शेत धरणगावजवळ. मामांनी हिरवी मोठी वांगी आणली, कपाशीच्या वाळलेल्या काड्या रचल्या, मामीने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. पाहुणे जीप करून आले. मुलगा, त्याचे वडील, आई, आत्या आणि आणखी सातआठ जण. सगळे विस्तवाभोवती गोल बसले. मलाही सासूबाईंनी, म्हणजे तेव्हाच्या होणाऱ्या सासूबाईंनी, हाताला धरून शेजारी बसवून घेतलं.

नाना बसले नाहीत. विस्तवाभोवती फेऱ्या मारत होते. दोन बादल्या पाण्याने भरून ठेवल्या होत्या, ते बघून मामा हसले. वांगी छान फुटायला लागली होती, खमंग वास सुटला होता, आत्याबाई त्यांच्या गावच्या वांग्यांची तारीफ करत होत्या. एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, काड्या तडतडल्या आणि ठिणग्या आमच्या बाजूला उडाल्या. फार नाही, चारदोन.

"मागे व्हा!" नाना असे ओरडले की शेजारच्या शेतातली माणसं उभी राहिली. आणि दोन्ही बादल्या त्यांनी विस्तवावर रिकाम्या केल्या.

फस्सकन वाफ उठली. राख उडाली, काळा चिखल उडाला आणि तो सासूबाईंच्या नव्या कोऱ्या साडीवर. अर्धी कच्ची वांगी राखेच्या पाण्यात तरंगत होती. मग सासूबाई म्हणाल्या, "नाना, इस्तो कसाले इझाया?"

नानांच्या हातात रिकामी बादली होती. त्यांनी ती खाली ठेवली, परत उचलली. आत्याबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "सोयरीकना पहिलाच दिन, आनि इस्तो इझाई टाका. हाई काही चांगलं लक्षन नही."

मामांनी धरणगावातून घाईघाईने शेवभाजी आणवली. सगळे जेवले, शेवभाजीची तोंडभरून स्तुती केली. जीपमध्ये बसताना मुलाचे वडील म्हणाले, "कळवतो." कळवतो म्हणजे काय ते आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. मुलगा माझ्याकडे बघत होता आणि मी चिखलाकडे.

घरी आल्यावर मी नानांना बोलले. फार लागेल असं बोलले. "दुसऱ्यांची घरं वाचवत हिंडलात आयुष्यभर. माझं मांडायच्या आधीच विझवलंत." त्यांनी ऐकून घेतलं. आईने मला गप्प केलं. तीन दिवस मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. चहा समोर ठेवायची आणि पाठ फिरवायची.

चौथ्या दिवशी ते सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडले. बाजारात जातो म्हणाले. संध्याकाळी परत आले, हात धुतले, न बोलता झोपले. मीही विचारलं नाही. त्यानंतर दोन दिवसांनी पारोळ्याहून फोन आला की मुलगी पसंत आहे, सुपारी कधी फोडायची? मी आनंदाने घरभर नाचले. मला वाटलं, मुलाने हट्ट धरला असणार. माझ्याकडून तो हट्टाचा मान नवऱ्याला बारा वर्षं मिळाला, आणि त्यानेही तो गुपचूप घेतला. खरं म्हणजे हे ठरलं त्या दिवशी तो धुळ्याला शाळेत होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

खरं काय ते मला नानांच्या तेराव्यानंतर कळलं. पाहुणे गेले होते. सासूबाई आणि मी मागच्या अंगणात परातभर भांडी पुसत बसलो होतो, तेव्हा त्यांनी सांगितलं.

बाजारात जातो म्हणाले त्या सकाळी नाना एसटीने सासूबाईंच्या गावी गेले होते. पिशवीत वांगी होती. अंगणात उभे राहून त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. म्हणाले, "त्या दिवशी धोका नव्हता. मी चुकलो. विझवलेला विस्तव मला तुमच्या अंगणात माझ्या हाताने लावू द्या." त्यांच्याकडे काडेपेटी नव्हती. आयुष्यात कधी खिशात ठेवली नसेल. आत्याबाईंनी आतून आणून दिली. तीन काड्या मोडल्या. चौथी पेटली.

सासूबाईंनी त्यांना विचारलं की बंबावर एवढी वर्षं काढलेल्या माणसाला चार ठिणग्यांची भीती कशी वाटली? तेव्हा वांगी उलटवता उलटवता नाना म्हणाले, "आम्हाला नेहमी आग लागल्यावर बोलावतात. कितीही पळा, आम्ही उशिराच पोचतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा आधी पोचलो होतो, आणि माझी पोर तिथे बसली होती."

सासूबाई सांगत होत्या आणि मी ताट हातात धरून तशीच बसले होते. एवढ्या वर्षांत नानांनी आम्हाला कामावरचं काही सांगितलं नव्हतं. कोणती घरं उशिरा गाठली, तिथे काय बघितलं, काही नाही. आम्ही ओला गोणपाट बघायचो आणि हसायचो.

भरीत झालं. लसूण-मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, सगळं नानांनीच कुटून घातलं. पहिला घास आत्याबाईंना दिला. मीठ जास्त झालं होतं म्हणे, पण सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. निघताना सासूबाई त्यांना म्हणाल्या, "नाना, काळजी करू नका. पोर आमनी शे आते." पोर आता त्यांची झाली होती.

एसटी यायला वेळ होता. नाना जरा घुटमळले आणि म्हणाले, एक मागणं आहे. सासूबाईंना वाटलं, आता जावयाच्या नोकरीबद्दल काही विचारतील, नाहीतर गॅसच्या नळीबद्दल. नाना म्हणाले, "तिला विस्तवाजवळ बसू द्या. मी कधी बसू दिलं नाही. माझी भीती तिच्याबरोबर सासरी यायला नको."

"म्हनीसन तुले पहिलाच दिन चूलपासे बसाडं मी," सासूबाई म्हणाल्या.

लग्नानंतरचा तो पहिला दिवस! अंगावरची हळद निघाली नव्हती आणि सासूने मला थेट चुलीपुढे पाट टाकून बसवलं होतं. नवी सून आली नाही तोच कामाला जुंपली, असं म्हणून मी किती जणींना ती गोष्ट रंगवून सांगितली होती. नानांनाही सांगितली होती, फोनवर, रडून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि एवढंच विचारलं होतं, "ऊब लागली का गं?"

मी तेव्हा रागाने फोन ठेवला होता. आता सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मोठ्याने म्हणाले, लागली नाना, लागली.