हुफूफजवळची मठावरची बाग आणि माझी एक पोस्ट

बाग राखणाऱ्या दाऊदभाईंचा फोन आला, "मंगळवारी मी कायमचा गावाला चाललो. एकदा येऊन जावा." म्हणून शुक्रवारी सकाळी आम्ही सौदीतल्या खोबरहून निघालो. नितीन, माझा नवरा, गाडी चालवत होता.

हुफूफला दीड-दोन तास लागतात. रस्ता सरळसोट असला तरी ट्रक फार, मध्येच उंटही येतात, तेव्हा वेग आवरा. पंपावरचा दोन रियालचा चहा बरा असतो. हे सगळं मी मागच्या हिवाळ्यातल्या पोस्टमध्येही लिहिलं होतं. खाली बागेचा नकाशा टाकला होता, तिथेच माती खाल्ली.

ही खजुराची बाग एका जुन्या ख्रिस्ती मठाच्या जागेवर आहे. मठ ओस पडला, वाळूखाली गेला. पुढे आत्ताच्या मालकाच्या आजोबांनी झाडांसाठी खड्डे खणले, तेव्हा घडीव दगड निघाले. त्यांचीच हौदाची भिंत झाली. कुणाच्या तरी प्रार्थनेची जागा होती, म्हणून नक्षीची बाजू आत, मातीकडे ठेवायची, असा म्हाताऱ्याचा दंडक. एकच दगड चुकून उलटा बसला, त्यावर क्रूस आहे. मी नेमका त्याचाच फोटो टाकला.

मग हौशे-नवशे आले. कुंपण ओलांडून आत शिरले, भिंत उकरू लागले. मालकाने घाबरून सरकारला कळवलं. जागा संरक्षित झाली, ते योग्यच झालं. पण बाग बंद पडली आणि तीस वर्षं ती राखणाऱ्या रत्नागिरीच्या दाऊदभाईंचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द झाला.

आम्ही पोचलो तेव्हा ते झाडावर होते. या दिवसांत नर झाडाचे तुरे मादी झाडाच्या फुलोऱ्यात हाताने बांधावे लागतात, नाहीतर खजूर धरत नाही.

"आता कशाला हे?" नितीनने विचारलं.

"झाडाला काय म्हाईत, बाग बंद झाली ती?"

ते उतरल्यावर मी माफी मागितली. मला रडू आवरेना.

"ताई, फोटोच्या टायमाला दगडावर पानी कोनी मारला? मीच ना? नक्षी उठून दिसावी म्हनून."

हे मी साफ विसरले होते. त्यांनी अर्धी चूक स्वतःकडे घेतली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवायला त्यांनी इथल्या लाल तांदळाचा भात केला होता. मी पानात एक शीतही टाकलं नाही.

घरी येऊन ती पोस्ट काढून टाकली, पण तोवर ती कुठे कुठे पोचली होती. बागेचा रस्ता मला विचारू नका, सांगणार नाही.

पंधरा दिवसांनी रत्नागिरीला फोन केला. त्यांच्या बायकोने घेतला.

"बरे हायत. ओटीवर बसून असतात," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "काल मना विचारत होते, पानी घेऊ का म्हनून. आपल्याच घरात."