गिट्टीवाल्यांची सुलूबाई

दवाखान्यातलं औषध संपायचं, गमती संपायच्या नाहीत. रोज झाडून काढल्या तरी दुसऱ्या दिवशी ओट्यावर नव्या हजर! झाडायचं काम माझं, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साचल्या. मी तिथला शिपाई. शाळा चौथीत सुटली आणि जीभ तेव्हापासून सुटलेलीच आहे!

जऊळका स्टेशनाजवळ रुळाखालची गिट्टी फोडायला तेलुगू मजूर उतरले होते, तेव्हाच्या या गोष्टी.

*

नर्स सुलूबाई पुण्याच्या. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, "बाई, डॉक्टरसाहेब येऊन राह्यले."

"कुठं राहिलेत?"

"रस्त्यानं येऊन राह्यले ना!"

"रस्त्यावर? अरे, मग त्यांची काही सोय करा!"

वऱ्हाडीची ही गत, तेलुगू तर पुढंच होती!

*

मजुरांत यल्लम्मा नावाची पहिलटकरीण होती. पाय सुजलेले. "हिचं बाळंतपण झोपडीत झालं तर हिचं खरं नाही," सुलूबाईंना एकच घोर.

मुकादम "पो! पो!" ओरडला की बाया लगबगीनं कामाला निघायच्या. सुलूबाईंना वाटलं, 'पो' म्हणजे 'चला'. दारात उभ्या राहून गोड आवाजात म्हणाल्या, "पो अम्मा, पो!"

पायरीपर्यंत आलेल्या बाया, यल्लम्मासकट, गर्रकन माघारी!

मुकादम कपाळ बडवत आला. "बाई, तुमी त्याहिले 'चालत्या व्हा' म्हणून राह्यल्या!"

*

एक लेकुरवाळी मात्र आली. "पालु! पालु!" म्हणून रडू लागली. सुलूबाई टुणकन स्टुलावर! मी झाडू घेऊन आढ्यात पाल शोधतोय. शेवटी तिनं पोर छातीशी धरून दाखवलं, तेव्हा कळलं, पालु म्हणजे दूध!

"उतरा बाई," मी म्हटलं, "पाल गेली, आता दुधाचं पाहा!"

*

यल्लम्मा तरी येईना. तिच्या सासूला विचारलं, तर ती म्हणे, "सफेद साडी बेवा की. पेटवाली के सामने नक्को!" म्हणजे सुलूबाईंची पांढरी साडी तिला विधवेची वाटत होती!

सुलूबाईंनी माझ्या बायकोचं लाल लुगडं मागितलं.

"कायले पाह्यजे?" बायको.

"नर्सबाईले देतो."

त्या दिवशी मला भाकर मिळाली नाही!

*

मग नागपूरहून मोठ्या नर्सबाई आल्या, पांढऱ्याशुभ्र साडीत. परमुलखातल्या मजुरांशी नर्सनं कसं वागावं, हे आसपासच्या नर्सांना शिकवायला. सोबत त्यांचे मिस्टर. ते व्हरांड्यात चहाला बसले.

"त्यांच्या चालीरीती समजून घ्या," बाई सांगत होत्या, तेवढ्यात बैलगाडी आली. यल्लम्मा कळा देत होती. लाल लुगड्यातल्या सुलूबाई धावल्या.

"युनिफॉर्म कुठाय? अशी आत जाऊ नकोस!"

"मी नाही गेले तर ती आत येणार नाही!" म्हणत त्यांनी यल्लम्माचा हात धरला, सोबतच्या सासूलाही आत घेतलं आणि आतून दार लावलं.

बाहेर मी तोच ओटा तीनदा झाडून काढला!

बऱ्याच वेळानं पोर रडलं. सासू हसत बाहेर आली. "बेटा हुआ! दोनो अच्छे!" तेवढ्यात तिची नजर मोठ्या बाईंवर पडली. हसू मावळलं. तिनं बाईंच्या गळ्यात पडून हंबरडाच फोडला, "हाय अम्मा! कब गया तेरा मरद?"

मिस्टर हातातल्या बशीसकट धावत आले. "कोण गेलं? कोण गेलं?"

मी म्हटलं, "तुमीच, साहेब!"