कापडात बांधलेली तंबाखू

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीच्या दवाखान्यात मी डॉक्टर होतो आणि त्यांच्यातलाच एकजण पेशंटची व्हॅन चालवायचा. हात न उचलता नुसत्या ओठांनी दिशा दाखवायचा. "डॉक, या बर्फातही टाय?" म्हणून मला चिडवायचा.

एकदा त्यानं कापडात बांधलेली तंबाखू माझ्यापुढे ठेवली. "आई उठत नाही. घरी येऊन बघाल?"

मी फुप्फुसांवर व्याख्यान दिलं आणि तंबाखू कचऱ्यात टाकली.

"ओके, डॉक," म्हणून तो गेला.

वडीलधाऱ्यांकडे काही मागताना तंबाखू द्यायची त्यांची रीत आहे, हे नर्सनं त्याच दिवशी सांगितलं. तरी लाजेपायी मी गेलो नाही.

आई वारली. तिच्या नावानं ठेवलेल्या जेवणाला त्यानं मला बोलावलं आणि पहिलं ताट मलाच दिलं. "आधी वडीलधारे, डॉक."

मी ताट संपवलं. माफी मागितली नाही.